लिफ्ट केल्यावर स्टिअरिंग सरळ येत नाही, वाशी पुलावर चाके डुगडुगली : जाड डॅम्पर बसवावा का?

कासारवडवलीकर (शनिवार, रात्री १०:१२)

नमस्कार. माझ्याकडे पाच दारांची जिम्नी आहे. मुरबाडच्या पलीकडे आमचे गावचे घर आहे आणि तिकडे जाणारा शेवटचा दीड किलोमीटर पावसाळ्यात ओढ्यासारखा वाहतो. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी गाडीला ५० मिमी उंच स्प्रिंग, त्यांना साजेसे लांब शॉकअप आणि १९५/८० आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ मापाचे टायर बसवून घेतले. गाडी अशी उंच करण्याला लिफ्ट म्हणतात. मूळ गाडीबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. जे बिघडले ते या बदलानंतर बिघडले, हे आधीच स्पष्ट करतो.

त्रास तीन प्रकारचा आहे. माजिवड्याच्या पुलाखाली वळण घेतल्यावर पूर्वी स्टिअरिंग तळहाताखालून सरकत आपोआप सरळ येत असे. आता ते वळलेल्या जागीच थांबते आणि ओढून आणावे लागते. दुसरे म्हणजे, पूर्व द्रुतगती महामार्गावर ७० च्या पुढे गाडी एका रेषेत राहत नाही, शेजारून ट्रक गेला की डोलते आणि मुलुंडपासून दादरपर्यंत जाईतो खांदे भरून येतात. तिसरा प्रकार सर्वांत भीतिदायक आहे. गेल्या रविवारी मानखुर्दकडून वाशीला येताना खाडी पुलावरच्या लोखंडी सांध्यावर डावे चाक आपटले आणि पुढची दोन्ही चाके इतक्या जोरात डुगडुगू लागली की स्टिअरिंग हातात धरवेना. मागच्या सीटवर माझी मुलगी होती. वेग ३० च्या आसपास उतरल्यावरच ते थांबले.

ज्या गॅरेजमध्ये काम केले त्यांचे म्हणणे आहे की कंपनीच्या स्टिअरिंग डॅम्परऐवजी (स्टिअरिंगचे हेलकावे शोषणाऱ्या छोट्या शॉकअपऐवजी) जाड डॅम्पर बसवला की प्रश्न मिटेल. मला ते पटवून घ्यायचे आहे, पण पटत नाही. ज्यांनी हे भोगले आहे त्यांनी कृपया लिहावे : डॅम्पर बसवावा, लिफ्ट काढून टाकावी, की आणखी काही तपासावे?

पामबीच_सकाळ (शनिवार, रात्री १०:३१)

डुगडुग सुरू झाली तेव्हा वेग किती होता आणि टायरमध्ये हवा किती होती?

कासारवडवलीकर (शनिवार, रात्री १०:४०)

वेग ७५ च्या आसपास होता. आदल्या दिवशी गावच्या चिखलात हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली होती, परंतु डांबरी रस्त्याला लागताच कॉम्प्रेसरने चारही टायर २६ वर आणले होते. सोमवारी पुन्हा मोजली तेव्हाही २६ च होती.

तुर्भे_फोर_बाय_फोर (शनिवार, रात्री ११:०५)

माझ्या गाडीलाही लिफ्टनंतर असाच त्रास झाला होता. मी जाड डॅम्पर बसवला आणि आठ महिने झाले, एकदाही थरथर झालेली नाही. सायन-पनवेल महामार्गावर रोज ये-जा आहे. माझा अनुभव चांगला आहे, म्हणून सुचवतो. दोन बोल्टचे काम आहे, अर्ध्या तासात होते.

पाटे_आणि_शॅकल (रविवार, सकाळी ७:२०)

तुर्भेकर, आपला अनुभव खोटा आहे असे मी म्हणत नाही, परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो आणि तसे स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे, कारण मी स्वतः त्याच वाटेने गेलो आहे.

माझी जिप्सी जुनी आहे, चारही बाजूंना पाट्यांच्या स्प्रिंगांची. तिला लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसिसला टांगणाऱ्या पट्ट्या) लावून उंच केले आणि तिसऱ्या महिन्यात भिवंडी बायपासवर चाके डुगडुगली. मीही डॅम्पर बसवला. वर्षभर सर्व शांत होते. त्या वर्षात आतमध्ये किंगपिनचे (ज्या खिळ्यावर चाक वळते त्याचे) बेअरिंग झिजत होते, शॅकलचे बुश (सांध्यातले रबरी अस्तर) खाल्ले जात होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता, कारण ज्या थरथरीने मला सावध केले असते ती डॅम्पर गिळत होता. वर्षानंतर कसारा घाट उतरून खाली आल्यावर डुगडुग परत आली ती पहिल्यापेक्षा कितीतरी जोरात, आणि या वेळी डॅम्परची दांडीच वाकली. ज्वर उतरवण्याची गोळी खाऊन काविळीवर उपचार होत नाहीत, तसेच हे आहे.

शिवाय लांब शॅकल लावणे हीच माझी पहिली चूक होती. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचे शॅकल ज्या टोकाला असते ते टोक उंचावले की अ‍ॅक्सल फिरतो आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) बदलतो. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये २ किंवा ४ अंशांची पाचर घालून तो परत आणता येतो, हे मला फार उशिरा कळले.

ग्रीसचा_डबा (रविवार, सकाळी ९:४५)

मी एसटीच्या कार्यशाळेत २८ वर्षे पुढचे अ‍ॅक्सल उघडले आणि बसवले. आता निवृत्त आहे, खोपटला राहतो. बस आणि जिम्नी यांच्या आकारात फरक असला तरी अखंड (दोन्ही चाकांना एकत्र बांधणाऱ्या) पुढच्या अ‍ॅक्सलचे गणित दोन्हीकडे एकच असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कासारवडवलीकर, आपण तीन त्रास सांगितलेत. त्यांपैकी पहिले दोन एका कारणाचे आहेत आणि तिसरा बहुधा दुसऱ्या कारणाचा आहे. गॅरेजने तिन्हींवर एकच औषध सांगितले, तिथेच घोळ आहे.

आधी पहिले दोन. एपीएमसी मार्केटमध्ये पोती वाहायची ट्रॉली पाहा. तिचे पुढचे चाक उभ्या खिळ्याच्या मागे ओढले जाते, त्यामुळे ट्रॉली ढकलली की चाक आपोआप सरळ होते. मोटारीत तो खिळा म्हणजे किंगपिनचा अक्ष. त्याचे वरचे टोक मागे झुकलेले असते आणि त्या झुकण्याच्या कोनाला कॅस्टर म्हणतात. हा कोन असल्यामुळेच वळणानंतर स्टिअरिंग स्वतः सरळ येते आणि वेगात गाडी रेषेत राहते. कोन कमी झाला की स्टिअरिंग हलके, मुके आणि बेभरवशाचे होते. आपण लिहिलेले वर्णन तंतोतंत हेच आहे.

आता लिफ्टने तो कमी का होतो ते पाहा. आपल्या गाडीत पुढचा अ‍ॅक्सल दोन लांब हातांवर बसवलेला आहे आणि त्या हातांची मागची टोके चॅसिसला बुशमध्ये अडकवलेली आहेत. स्प्रिंग उंच केले म्हणजे चॅसिस वर गेली आणि अ‍ॅक्सल तिच्या तुलनेत खाली गेला. हात मागच्या टोकाभोवती फिरला, त्याच्याबरोबर अ‍ॅक्सलही पुढच्या बाजूला ओणवा झाला. उदाहरणादाखल हाताची लांबी ९०० मिमी धरा आणि अ‍ॅक्सल ५० मिमी खाली गेला असे धरा, तर तो सुमारे ३ अंश फिरतो. ३ अंश ऐकायला थोडे वाटतात, पण गाडीचा मूळ कॅस्टरच मोजक्या अंशांचा असतो, त्यातून ३ गेले तर उरते काय? यावर डॅम्परचा कणभरही उपयोग नाही. डॅम्पर स्टिअरिंगला सरळ आणत नाही, उलट येणारे स्टिअरिंग अडवतो. उपाय म्हणजे हातांमध्ये मध्यबिंदू सरकवलेले कॅस्टर बुश किंवा दुरुस्त कोनाचे हात.

तिसऱ्या त्रासाबद्दल एक प्रश्न. थरथर दर वेळी ठरावीक वेगालाच येते, की धक्का बसल्यावरच सुरू होते? ठरावीक वेगाला येऊन पुढे निघून जात असेल तर बॅलन्सिंग किंवा वाकडी रिम पाहावी. धक्क्याने सुरू होऊन वेग उतरेपर्यंत थांबत नसेल तर कुठेतरी सांधा सैल आहे.

कासारवडवलीकर (रविवार, सकाळी १०:०२)

काका, केवळ धक्क्यानेच सुरू झाली आणि वेग उतरल्यावरच थांबली. एरवी ८० लाही स्टिअरिंगमध्ये कंप नसतो.

रबाळे_टर्नर (रविवार, सकाळी ११:३०)

मग पॅनहार्ड रॉड पाहावा. एक टोक चॅसिसला आणि दुसरे अ‍ॅक्सलला असलेला हा आडवा दांडा अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाही. लिफ्ट केली की दांड्याचा उतार वाढतो आणि त्याचे आडवे अंतर कमी होते, त्यामुळे चॅसिसवर दांडा ज्या बाजूला बसतो त्या बाजूला अख्खा अ‍ॅक्सल ओढला जातो. दांडा ८०० मिमी लांब असेल आणि त्याला आधीच ८० मिमी उतार असेल, तर ५० मिमी लिफ्टनंतर अ‍ॅक्सल सुमारे साडेसहा मिमी सरकतो. दांडा आडवा सपाट असता तर हाच आकडा दीड मिमीच्या आसपास आला असता. मूळ उतार जितका जास्त तितकी लिफ्ट महाग पडते ती अशी. लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा बसवून अ‍ॅक्सल मध्यावर आणता येतो.

पण आपल्या डुगडुगीचे कारण सरकलेला अ‍ॅक्सल असेल असे मला वाटत नाही. दांड्याचे बोल्ट पाहावेत. लिफ्ट बसवताना बरीच गॅरेजे गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असतानाच सर्व बोल्ट घट्ट आवळतात. मग गाडी खाली उतरली की बुशचे रबर पिळलेल्या अवस्थेत जखडते आणि लवकर फाटते. आवळायचे ते चाकांवर गाडीचे पूर्ण वजन आल्यावर. बोल्ट थोडा जरी सैल राहिला तरी ब्रॅकेटच्या भोकात तो हलत राहतो आणि गोल भोक हळूहळू अंडाकृती होते. मग प्रत्येक धक्क्याला अ‍ॅक्सलला आडवे हलायला जागा मिळते.

आणखी एक सूचना. स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) उतार पॅनहार्ड रॉडच्या उताराशी समांतर राहायला हवा, नाहीतर दोघांचे वर-खाली होण्याचे कंस वेगळे पडतात आणि प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप थोडे वळते. फक्त पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून निघून ड्रॅग लिंकला हलवणारा हात) खाली घेऊन पॅनहार्ड रॉड तसाच ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया मान्य करू नये.

कळंबोलीकर (रविवार, दुपारी १:१५)

वरील सर्व माहिती अखंड अ‍ॅक्सलसाठी मोलाची आहे, परंतु इथे वाचणाऱ्या थारवाल्यांनी ती जशीच्या तशी आपल्या गाडीला लावू नये. २०१० ते २०२० या काळातल्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बारचे (पीळ खाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळईचे) स्वतंत्र सस्पेन्शन आहे, मागे पाटे आहेत. २०२० पासूनच्या थारला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन स्वतंत्र हात) आणि कॉइल स्प्रिंग आहेत. दोन्हींत पुढच्या अ‍ॅक्सलला पॅनहार्ड रॉड नाही.

माझ्या जुन्या थारचा पुढचा भाग मी टॉर्शन बारचे बोल्ट आवळून वर घेतला होता, कारण त्याला खर्च काहीच नव्हता. खर्च नंतर आला. हात आधीच इतके खाली झुकलेले राहिले की चाकाला आणखी खाली जायला वावच उरला नाही, आणि खड्ड्यात चाक लोंबकळून खटका बसू लागला. टाय रॉडचा (चाक वळवणाऱ्या दांड्याचा) उतार वाढल्यामुळे टो (चाके पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप) बदलला, टायरची आतली कड चार महिन्यांत झिजली, आणि ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याचे रबरी बूट जास्त कोनात दुमडून फाटले. कळंबोलीच्या धुळीत फाटका बूट म्हणजे सांधा गेलाच. शेवटी बोल्ट मूळ जागेच्या जवळ आणले आणि नव्याने अलाइनमेंट केली, तेव्हा गाडी पुन्हा गाडीसारखी चालू लागली.

टायरची तपासणी घरी करता येते. गाडी उभी असताना तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवावा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे बोचरे लागले तर टो बिघडलेला आहे. यंत्राच्या कागदापेक्षा माझा या हातावर जास्त विश्वास आहे.

येऊर_पायथा (रविवार, दुपारी ३:५०)

मला एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. सर्व सांधे घट्ट झाले आणि कॅस्टर परत आला तरी उंची उंचीच राहते. दोन चाकांमधल्या रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की गाडी उलटण्याला किती विरोध करते याचा ढोबळ अंदाज येतो. रुंदी १४०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर असेल तर उत्तर १ येते. गुरुत्वमध्य ७४५ वर गेला तर ०.९४. गायमुख घाटाच्या उतारावर डाव्या वळणात समोर अचानक खड्डा आल्यावर जो झटका आपण स्टिअरिंगला देतो, त्या झटक्यात हा फरक जाणवतो. छतावर कॅरिअर, त्यावर दुसरी स्टेपनी आणि पाण्याचे कॅन लादून फिरणारे आपलेच सभासद आहेत. त्यांना कळकळीची विनंती आहे की शहरात असताना ते वजन खाली उतरवून ठेवावे.

तुर्भे_फोर_बाय_फोर (रविवार, सायंकाळी ५:२५)

वरचे प्रतिसाद वाचून मी अस्वस्थ झालो आहे. माझ्या गाडीत खाली काय चालले आहे हे मी आठ महिन्यांत एकदाही पाहिलेले नाही. तपासायचे कसे, हे कोणी पायरीपायरीने सांगेल का?

ग्रीसचा_डबा (रविवार, सायंकाळी ६:१०)

अवश्य. दोन माणसे आणि एक टॉर्च लागेल.

गाडी सपाट जागी, चाके जमिनीवर, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावून, न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढून उभी करावी. एकाने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडेसेच, वितभर, डावी-उजवीकडे सतत हलवावे. दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक सांधा पाहावा : पिटमन आर्म, ड्रॅग लिंकची दोन्ही टोके, टाय रॉडची दोन्ही टोके, पॅनहार्ड रॉडचे दोन्ही बोल्ट आणि स्टिअरिंग बॉक्सचे चॅसिसवरचे बोल्ट. नुसते पाहू नये, बोट सांध्यावर टेकवावे. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला भाग क्षणभर उशिरा हलतो, तिथे दोष आहे.

मग पुढचे एक चाक जॅकने उचलून, स्टँड लावून, वर आणि खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर चाकाचे बेअरिंग सैल आहे; तसाच राहिला तर किंगपिनकडे बघावे. नंतर डावी-उजवीकडे धरून हलवावे, त्यात टाय रॉडचे टोक कळते. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. कार्यशाळेत पहिल्या दिवशी हेच शिकवले जाई.

वाशीची_वकील (रविवार, रात्री ८:४०)

यंत्राबद्दल मला फारसे कळत नाही, परंतु कायद्याबद्दल दोन ओळी लिहिणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंडापेक्षाही मला विम्याची काळजी जास्त वाटते. अपघातानंतर सर्वेक्षक येतो तेव्हा उंच स्प्रिंग त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. केलेल्या बदलाबद्दल विमा कंपनीला आधी लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे.

पामबीच_सकाळ (रविवार, रात्री ९:०५)

वकीलताईंनी हे लिहिले ते बरे झाले. टायरबद्दल माझीही एक भर. १९५/८० आर १५ चा व्यास सुमारे ६९३ मिमी आणि २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३ मिमी. म्हणजे मीटरवर ८० दिसत असताना गाडी आधीपेक्षा जवळजवळ ६ टक्के जास्त धावत असते. अटल सेतूवर १०० ची मर्यादा सांभाळताना हे लक्षात ठेवावे.

कासारवडवलीकर (रविवार, रात्री ११:२०)

काकांनी सांगितल्याप्रमाणे आजच सायंकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तपासणी केली. स्टिअरिंगवर पत्नी बसली होती, मी खाली होतो.

ड्रॅग लिंक आणि टाय रॉडची टोके घट्ट आहेत. पॅनहार्ड रॉडच्या अ‍ॅक्सलकडच्या बोल्टवर बोट ठेवले आणि पत्नीने स्टिअरिंग हलवले, तेव्हा बोटाला स्पष्ट टक-टक लागली. टॉर्च जवळ नेला. सगळीकडे वाळलेला चिखल होता, पण बोल्टच्या वॉशरच्या एका कडेला नखाएवढी चंद्रकोर आरशासारखी चकाकत होती. चिखल तिथे टिकतच नव्हता, कारण वॉशर प्रत्येक वळणाला तिथे घासत होता. पाना लावला तर बोल्ट जवळजवळ अर्धा फेरा सहज फिरला. ज्या बोल्टवर माझी मुलगी पूल ओलांडत होती तो हाच.

नंतर दोन्ही बाजूंच्या मडगार्डवरून सुतळीला नट बांधून ओळंबा सोडला आणि रिमपर्यंतचे अंतर मोजले. दोन्ही बाजूंत १४ मिमीचा फरक आहे, म्हणजे अ‍ॅक्सल ७ मिमी सरकलेला आहे. टर्नरसाहेबांच्या हिशोबाच्या इतके जवळचे उत्तर येईल असे वाटले नव्हते. लिफ्टनंतर केलेल्या अलाइनमेंटचा कागदही कपाटातून शोधला : कॅस्टर डावीकडे ०.८ अंश, उजवीकडे १.०. कागदावर तो रकाना लाल छापलेला होता आणि मला कोणीही त्याबद्दल बोलले नाही. मीही विचारले नाही.

पाटे_आणि_शॅकल (सोमवार, सकाळी ७:०५)

बोल्ट नुसता आवळून गाडी बाहेर काढू नका. भोक तपासल्याशिवाय तो पुन्हा सैल होईल.

महापे_सर्किट (सोमवार, सकाळी ९:५०)

दुरुस्ती करताना एक खबरदारी घ्यावी. लिफ्टने ड्रॅग लिंकचा उतार बदलतो, त्यामुळे सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरके दिसते. काही ठिकाणी स्टिअरिंग चक्र उपसून सरळ दिसेल असे पुन्हा बसवतात. आपल्या गाडीत ईएसपी (गाडी घसरू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) आहे आणि त्याला स्टिअरिंगचा कोन एका सेन्सरवरून कळतो. चक्र उपसून बसवले तर सेन्सरला गाडी कायम किंचित वळत आहे असे वाटते, आणि ओल्या रस्त्यावर तो नको तेव्हा एका चाकाला ब्रेक लावू शकतो. दुरुस्ती ड्रॅग लिंकची लांबी बदलूनच करावी आणि शेवटी सेन्सरचा शून्यबिंदू स्कॅनरने नव्याने नोंदवून घ्यावा.

रबाळे_टर्नर (सोमवार, दुपारी १२:२०)

क्रम असा ठेवावा. आधी ब्रॅकेटचे भोक आणि बोल्ट, मग कॅस्टर बुश, मग पॅनहार्ड रॉडने अ‍ॅक्सल मध्यावर, मग ड्रॅग लिंकने स्टिअरिंग सरळ, मग टो, आणि सर्वांत शेवटी सेन्सर. मधली पायरी उलटी केली तर आधीचे काम पुन्हा करावे लागते. भोक अंडाकृती निघाले तर ब्रॅकेट घेऊन या, भरून पुन्हा मापात पाडून देईन. मोठा बोल्ट घालण्यासाठी भोक वाढवण्याच्या फंदात पडू नये, बुशमधली नळी मूळ मापाचीच असते.

कासारवडवलीकर (तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४:३०)

काम पूर्ण झाले, म्हणून परत लिहितो.

ब्रॅकेटचे भोक एका बाजूला दीड मिमीहून जास्त लांबले होते. ते रबाळ्याला भरून, मापात पाडून आणले आणि मूळ दर्जाचा नवा बोल्ट घातला. कॅस्टर बुश आणि लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड बसवला. सर्व बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर उभी करून, टॉर्क पान्याने आवळले. त्या वेळी मी स्वतः शेजारी उभा होतो. नवा कॅस्टर डावीकडे ३.१ आणि उजवीकडे ३.३ आहे. ओळंब्याने मोजलेला फरक आता २ मिमी उरला आहे. विमा कंपनीला पत्र दिले आहे, उत्तराची वाट पाहत आहे. ते नकारार्थी आले तर मूळ स्प्रिंग परत घालण्याची तयारी ठेवली आहे आणि ते स्प्रिंग तेल लावून जपून ठेवले आहेत.

माजिवड्याला वळण घेतल्यावर स्टिअरिंग पुन्हा हाताखालून सरकत सरळ आले. तो क्षण मला फार मोलाचा वाटला. आज पहाटे, रस्ता मोकळा असताना, एकटाच वाशी पुलावर गेलो. आधी ५०, मग ६०, मग ७५ ने त्याच सांध्यांवरून गेलो. खट्ट असा एक आवाज आणि पुढे शांत. डॅम्पर कंपनीचाच आहे.

तुर्भे_फोर_बाय_फोर (रविवार, सायंकाळी ६:००)

अभिनंदन. मीही गेल्या आठवड्यात डॅम्पर काढून तपासणी केली. डाव्या टाय रॉडच्या टोकाला खेळ निघाला, रबरी टोपी फाटून ग्रीस पूर्ण निघून गेले होते. दोन्ही टोके बदलली. डॅम्पर न लावता दोन दिवस चालवून पाहिली, थरथर नाही. माझा पहिला प्रतिसाद वाचून कोणी नुसता डॅम्पर बसवू नये, अशी विनंती आहे.

ग्रीसचा_डबा (रविवार, सायंकाळी ७:३५)

दोघांनीही ५०० किलोमीटर झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. नवे बुश बसल्यावर थोडे दबतात आणि बोल्ट ढिला पडतो. बोल्टचे डोके आणि ब्रॅकेट यांच्यावर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. मग पाना काढायचा.

कासारवडवलीकर (रविवार, रात्री ८:१०)

रेघ ओढली, काका. मुलीनेच तिच्या शाळेच्या रंगाने ओढून दिली.